वाटीभर पाला म्हणजे किती ग्रॅम? पालेभाज्या आणि सॅलडच्या पानांचं माप वजनात आणायची रीत

रवा, साखर, तांदूळ यांचं माप वाटीने घेतलं तरी फारसं बिघडत नाही. पाल्याचं तसं नाही. पालकाची तीच वाटी एकीने भरली तर पंधरा ग्रॅम भरते, दुसरीने भरली तर तीस. दोघींचंही चुकलेलं नसतं. वाटीत पानापेक्षा हवा जास्त असते आणि ती किती राहील हे हातावर, चिरण्यावर आणि पानाच्या ताजेपणावर ठरतं.

आम्ही गुहागरला राहती खोली आणि घरगुती जेवण असा छोटा व्यवसाय करतो. एकदा बावीस पाहुण्यांसाठी सॅलड करायचं होतं. पाककृतीत चोवीस कप लेट्यूस लिहिलं होतं. मी घरातल्या आमटीच्या वाटीने चोवीस वेळा मोजलं आणि शेवटच्या सहा ताटांत घालायला पानच उरलं नाही. नंतर वाटी मोजली तर ती १६० मिलिलिटरची निघाली, पाककृतीतला कप होता २४० चा. त्या दिवसापासून मी पाला वजनावर घेते. आसपासच्या घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायका हेच विचारतात आणि बहुतेकींचा क्रम तिथेच चुकतो जिथे माझा चुकला होता. म्हणून ही रीत क्रमाने लिहिते. क्रम बदलू नका, अर्ध्या चुका तिथेच होतात.

तयारीत काय हवं

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा. भाजीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा इथे चालत नाही, त्याला वीस-तीस ग्रॅमचा फरक कळत नाही. पुदिना किंवा कोथिंबीर अगदी थोडी लागत असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा बरा. त्याशिवाय लिटरभराचं भांडं, तुमची नेहमीची वाटी, रोवळी किंवा चाळण, दोन स्वच्छ सुती पंचे, आणि वही. वही हवीच. आकडे डोक्यात ठेवले की पुढच्या आठवड्यात ते बदललेले असतात.

१. आधी वाटी मोजा, पाला नंतर

कोरडी वाटी काट्यावर ठेवा. काटा शून्यावर आणा. वाटीत काठोकाठ पाणी भरा आणि आकडा वाचा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे काट्यावर जे ग्रॅम दिसतील तेवढ्या मिलिलिटरची तुमची वाटी. पाणी काठावरून सांडून काट्यावर जाऊ देऊ नका. शेवटचे थेंब चमच्याने घाला.

हा आकडा वाटीच्या बुडाशी मार्करने लिहून ठेवा. घरात तीन वाट्या असतील तर तिन्ही मोजा, दिसायला सारख्या असल्या तरी. माझ्याकडच्या एका सेटमधल्या दोन वाट्यांत पंधरा मिलिलिटरचा फरक निघाला होता.

कपाचंही असंच आहे. अमेरिकन पाककृतीतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५० चा, जपानी २०० चा. जुन्या इंग्रजी पुस्तकांतला कप २८४ मिलिलिटरच्या आसपास असतो. पाककृती कुठली आहे ते आधी बघा. चमच्याचाही घोळ असतो: मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २०.

तपासा: वाटीचा आकडा आणि पाककृतीच्या कपाचा आकडा, दोन्ही वहीत लिहिले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

२. काटा खरं बोलतोय का ते बघा

काटा ओट्यावर सपाट ठेवा. खाली फडका किंवा वर्तमानपत्र नको, त्याने काटा डुलतो. एक किलोचं मिठाचं बंद पाकीट ठेवून बघा. पिशवीच्या वजनासकट एक किलोच्या किंचित वर दिसायला हवं. खूपच कमी-जास्त दाखवत असेल तर आधी बॅटरी बदला.

आता दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही.

पहिली, पंखा बंद करा. आपल्याकडे ओटा असेल तिथे पंखा फिरतच असतो, उकाडाच तसा आहे. पण परातीसारख्या पसरट भांड्यात हलकी पानं असली की वाऱ्याने आकडा पाच-सात ग्रॅम वर-खाली होत राहतो. पाल्याच्या मापात पाच ग्रॅम म्हणजे थोडंथोडकं नाही. वजन बघेपर्यंत अर्धा मिनिट घाम आला तरी चालेल.

दुसरी, एकेक पान हळूहळू टाकू नका. पुष्कळ काटे शून्याच्या आसपास होणारा बारीक बदल आपोआप पुसून टाकतात, म्हणजे तुम्ही पान टाकता आणि काटा ते शून्यच धरतो. रिकाम्या भांड्यावर कोथिंबिरीची काडी काडी टाकली तर दहा ग्रॅम पडूनही काटा सहाच दाखवेल. मूठभर पाला एकदम घाला. किंवा भांडं उचलून, त्यात पाला भरून, पुन्हा ठेवा.

३. पाला कुठल्या अवस्थेत मोजायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

जुडी बाजारातून आली, की तिचं वजन करा आणि लिहा. हे झालं आणलेलं वजन. ते पाककृतीसाठी नाही, हिशेबासाठी आहे, पुढे लागेल.

मग निवडा. मुळं, माती, जून देठ, पिवळी आणि किडकी पानं काढा. पुन्हा वजन करा. हे निवडलेलं वजन. मेथीची जुडी निम्म्यावर आली तर घाबरू नका, मेथी तशीच असते. पालकाचा देठ कोवळा असेल तर बराचसा वापरता येतो. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, कोवळी असेल तर देठासकट जाते, जून झाली असेल तर देठ वेगळे काढून आमटीत टाकावे लागतात. त्यामुळे निवडल्यावर किती उरेल याचा कुठलाही छापील आकडा उसना घेऊ नका. तो त्या दिवशीच्या जुडीचा असतो.

आता धुवा. पावसाळ्यात पाला तीन पाण्यातून काढा, शेवटचं पाणी पिण्याचं वापरा. सॅलडला पान कच्चंच खायचं असतं, तेव्हा तिथे कंटाळा करून चालत नाही.

धुतल्यावर लगेच वजन करू नका. एका पावसाळी सकाळी मी मोजून पाहिलं: निवडलेला माठ २५० ग्रॅम होता, धुऊन रोवळीत दोन मिनिटं निथळल्यावर ३१० भरला. ते साठ ग्रॅम पाण्याचे. पंच्यात गुंडाळून, झटकून, पंख्याखाली पसरल्यावर तो २५८ वर आला. निथळलेल्या पाल्याचं वजन घेऊन सॅलड केलं तर पानं कमी पडतात आणि वर भांड्याच्या बुडाशी पाणी साठून ड्रेसिंग पातळ होतं.

सुकवण्याची रीत: पाला पंच्यात सैल बांधा, गाठोड्यासारखा. अंगणात किंवा मोरीत जाऊन हात लांब करून आठ-दहा वेळा गोल फिरवा, पाणी बाहेर उडतं. मग दुसऱ्या कोरड्या पंच्यावर एका थरात पसरून पंधरा मिनिटं पंख्याखाली. जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की पंधराची तीस मिनिटं होतात. घाई असेल तर वरून तिसरा कोरडा पंचा ठेवून हलकेच दाबा. पान चुरगळू नका, चुरगळलेलं पान कपात जास्त मावतं आणि माप बिघडतं.

हे झालं सुकलेलं वजन. पाककृतीत जे वजन धरायचं ते हेच.

लक्षात ठेवा: सुकवलेलं वजन निवडलेल्या वजनाच्या जवळपास आलं पाहिजे, दोन-चार टक्के वर चालेल. पंधरा-वीस टक्के वर असेल तर पाला अजून ओला आहे.

मलूल पाल्याची गोष्ट वेगळी. लेट्यूससारखी पानं आपल्याकडे बहुतेक घाटावरूनच येतात आणि पावसाळ्यात घाटात दरड आली की गाडी उशिरा पोचते, पान माना टाकून येतं. मलूल पानातलं पाणी गेलेलं असतं, म्हणून तेवढ्याच पानांचं वजन कमी भरतं. पण ती मऊ पडलेली असल्याने कपात मात्र जास्त मावतात. म्हणजे मलूल पाल्याचा कप ताज्या पाल्याच्या कपापेक्षा जड भरू शकतो. दोन्ही बाजूंनी माप फसवतं. असा पाला आला तर थंड पाण्यात वीस मिनिटं ठेवा, पान पुन्हा ताठ होतं, मग वरच्यासारखं सुकवा आणि तेव्हाच मोजा.

४. वाक्य नीट वाचा: आधी चिरायचं की आधी मोजायचं

पाककृतीत "दोन वाट्या बारीक चिरलेली मेथी" असं असेल तर चिरून मग वाटी भरायची. "दोन वाट्या मेथी, बारीक चिरून" असं असेल तर पानं अख्खी वाटीत भरायची आणि नंतर चिरायची. फरक एका स्वल्पविरामाचा, पण भाजीत तो दुपटीपर्यंत जातो. इंग्रजीतल्या पाककृतींत हा क्रम जाणूनबुजून लिहिलेला असतो. मराठीत लिहिताना आपण तो पाळतोच असं नाही. त्यामुळे आपल्या पाककृतीत शंका आली तर आधी चिरून मग मोजायचं असं धरा, कारण आपल्या घरात विळीवर चिरलेलंच वाटीने मोजायची सवय आहे.

"दाबून भरलेली" आणि "सैल" हे शब्द शोधा. काहीच लिहिलं नसेल तर सैल धरा. दाबून म्हणजे बोटांच्या टोकांनी हलकेच बसवायचं, मूठ आवळून कोंबायचं नाही. सैल म्हणजे पानं वरून पडू द्यायची, वाटी आपटायची नाही, वर शीग लावायची नाही. काठाच्या वर आलेलं पान हाताने बाजूला सारायचं.

मी सैल आणि दाबून असे दोन्ही आकडे वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते. माझ्या हाताने दाबलेली पालकाची वाटी सैलच्या पावणेदोन पटीपर्यंत जाते. तुमचा हात हलका असेल तर कमी जाईल.

५. चिरण्याने काय होतं

बारीक चिरलं की जास्त मावतं आणि वजन वाढतं, असं सगळे धरून चालतात. दर वेळी तसं होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यात आइसबर्ग लेट्यूसचा चिरलेला कप ५७ ग्रॅमचा आणि बारीक लांब कातरलेला ७२ ग्रॅमचा आहे. पण कोबीचा उलट: चौकोनी चिरलेला ८९ ग्रॅम, लांब कातरलेला ७०. कोबीची कातर ताठ असते, एकमेकींवर आडवीतिडवी पडते आणि मध्ये पोकळी राहते. लेट्यूसची कातर मऊ असते, ती खाली बसते. म्हणून अंदाज नको, चिरायची पद्धत वहीत आकड्याशेजारी लिहा: "लांब", "चौकोनी", "हाताने तोडलेलं".

विळी की सुरी, याने फारसा फरक पडत नाही. धार बोथट असेल तर मात्र पान चेचलं जातं, पाणी सुटतं आणि ते बसकं होतं. मोजायच्या दिवशी धार बघून घ्या.

६. तुमचा स्वतःचा आकडा काढा

आता मुख्य काम. सुकवलेला पाला, ठरवलेली चिरण्याची पद्धत, ठरवलेली भरण्याची पद्धत. तिन्ही बदलायचे नाहीत.

टोप काट्यावर ठेवा, शून्य करा. वाटी भरून टोपात ओता, आकडा लिहा. दुसरी, तिसरी, अशा पाच वाट्या. टोप काढायचा नाही, काटा पुन्हा शून्य करायचा नाही.

समजा १६० मिलिलिटरच्या वाटीने पालकाची अख्खी कोवळी पानं सैल भरली आणि आकडे आले: २१, ४०, ६२, ८०, १००. म्हणजे वाट्या झाल्या २१, १९, २२, १८, २० ग्रॅमच्या. सरासरी २० ग्रॅम. एका वाटीवर थांबला असतात तर १८ किंवा २२ धरून बसला असतात. पाच घेतल्या की हाताची चूक आपोआप कटते, आणि काट्याची एका ग्रॅमची चूकही पाच वाट्यांत वाटली जाते.

एखादी वाटी इतरांपेक्षा फारच वेगळी आली, म्हणजे चार वीसच्या आसपास आणि एक तीस, तर ती सरासरीत घेऊ नका. काय झालं ते बघा: वाटी आपटली गेली, की तळाशी ओला गोळा होता?

आता कपावर न्या. १६० मिलिलिटरला २० ग्रॅम, तर २४० ला किती? २४० भागिले १६० म्हणजे दीड. वीसच्या दीडपट तीस. म्हणजे कपाला ३० ग्रॅम.

इथे एक अडचण आहे. मोठं पान लहान वाटीत नीट बसत नाही, कडेला पोकळी राहते. लेट्यूस, मुळ्याचा पाला, मोठ्या पानाचा पालक यांच्यासाठी वाटीवरून कपावर जाऊ नका. लिटरभराचं भांडं सैल भरा, वजन करा, त्यावरून मिलिलिटरमागे किती ते काढा. कोथिंबीर, पुदिना, मेथी, शेवग्याचा पाला या बारीक पानांना वाटी चालते.

७. छापील आकडे: ताडून बघायला, उतरवून घ्यायला नाही

वर सांगितलेल्या त्याच तक्त्यातले काही आकडे, २४० मिलिलिटरच्या कच्च्या कपाचे. पालक ३० ग्रॅम. हिरव्या पानांचं लेट्यूस कातरलेलं ३६, लाल पानांचं २८, रोमेन ४७. रॉकेट म्हणजे अरुगुलाची पानं २०. माठाची पानं २८. चिरलेला शेवग्याचा पाला २१. कोथिंबीर सैल धरली तर कपाला १६ ग्रॅम, आणि तिच्यासारखीच दिसणारी पार्स्ली बारीक चिरलेली धरली तर ६०. पान जवळपास सारखं, पण एक सैल आणि एक चिरलेलं, एवढ्याने चौपटीच्या आसपास फरक पडला.

तुमचा आकडा यांच्या वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत असेल तर तुमची रीत बरोबर आहे, पुढे स्वतःचाच आकडा वापरा. निम्मा किंवा दुप्पट आला तर परत जा: वाटीचं माप, ओला पाला, दाबणं, याच क्रमाने शोधा. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा पाला ओला असतो.

अळूबद्दल सावध करते. तक्त्यात अळूच्या कच्च्या पानांचाही कप असतो, २८ ग्रॅमचा. तो आकडा फतफत्यासाठी पाला घ्यायला वापरा. कच्चं अळू सॅलडमध्ये कधीही घालू नका. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज सुटते आणि जीभ सुजू शकते. नीट शिजवलं, आंबट घातलं, की खाता येतं. टाकळा, कुर्डू, भारंगी या पावसाळी रानभाज्याही शिजवूनच खायच्या आहेत.

८. माणसं वाढली की ग्रॅम वाढवा, कप नाही

ही चूक मोठ्या जेवणावळीत होते. सहा माणसांच्या पाककृतीत नऊ कप लेट्यूस आहे, आपल्याला चाळीस माणसं आहेत, तर साठ कप, असं म्हणून मोठा टोप भरायला घेतात. टोपात तळाचा पाला वरच्या ओझ्याने दबतो. साठ कप भरले तरी टोपात त्यापेक्षा बरंच कमी दिसतं, मग अजून घातलं जातं.

आधी ग्रॅमवर या. हिरव्या पानांचं लेट्यूस, ३६ ग्रॅमचा कप, नऊ कप म्हणजे ३२४ ग्रॅम. सहांसाठी ३२४, म्हणजे माणशी ५४. चाळीस जणांना २,१६० ग्रॅम. हे सुकवलेलं, निवडलेलं वजन.

बाजारात किती सांगायचं? तिसऱ्या टप्प्यात लिहिलेली दोन वजनं इथे लागतात. समजा ८०० ग्रॅमचा गड्डा निवडून ६०० उरला. ६०० भागिले ८०० म्हणजे ०.७५. आता २,१६० ला ०.७५ ने भागा: २,८८० ग्रॅम. तीन किलो सांगा.

हाच हिशेब रोमेनच्या ४७ ग्रॅमने केला तर नऊ कप ४२३ ग्रॅम, चाळीस जणांना २,८२०, बाजारात सांगायचे ३,७६०. नुसतं "लेट्यूस" म्हणून चुकीचा आकडा उचलला, तर जवळपास नऊशे ग्रॅमचा फरक. पावसात रत्नागिरीहून मागवलेला एवढा पाला दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

थाळीबरोबर बाजूला सॅलड देणार असाल तर माणशी चोपन्न ग्रॅम फार होतं. भात, आमटी, मासळी असलेल्या ताटात पंचवीस ग्रॅम पानं पुरतात, हा माझा रोजचा अंदाज आहे. तुमच्या पाहुण्यांची ताटं परत येताना बघा आणि आकडा बदला.

सावधान: भाजीवाली जुडीवर किंवा ढिगावर विकते, किलोवर नाही. तिच्याकडच्या तीन-चार जुड्यांचं वजन घरी करून सरासरी लिहून ठेवा, मग "तीन किलो" ऐवजी तिला समजेल असं "बारा जुड्या" सांगता येतं. जुडीचा आकार पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळा असतो, उन्हाळ्यात जुडी बारीक होते. दोन्ही ऋतूंचे आकडे ठेवा.

९. ड्रेसिंग आणि मीठ वजनावर

पानं वजनावर घेतली आणि ड्रेसिंग अंदाजाने ओतलं तर वरची सगळी मेहनत वाया. सुरुवातीला शंभर ग्रॅम सुक्या पानांना तीस मिलिलिटर ड्रेसिंग घ्या, म्हणजे दोन मोठे चमचे. पाव भाग बाजूला ठेवा, बाकीचं घालून हाताने वरखाली करा, पानाला चकाकी आली आणि तळाशी साठलं नाही की थांबा. कोकमाचं आगळ वापरत असाल तर मीठ घालूच नका, आगळात ते आधीच असतं. चाखून मग ठरवा.

वाढायला दहाच मिनिटं उरली की ड्रेसिंग घाला, त्याआधी नाही. मिठाने पानातलं पाणी सुटतं आणि अर्ध्या तासात ढीग निम्मा होतो. समुद्राकाठच्या दमट हवेत त्याहून लवकर.

१०. शिजवायचा पाला असेल तर

इथे ढिगावर विश्वास ठेवायचाच नाही. त्याच तक्त्यात शिजवलेल्या पालकाचा कप १८० ग्रॅमचा आहे, कच्चा ३० चा. म्हणजे शिजवलेल्या एका कपात कच्च्या सहा कपांइतकं वजन आहे, आणि शिजताना पाणीही जातं, तेव्हा प्रत्यक्षात सहापेक्षा जास्त कप लागतात. माठाचं शिजवून १३२ आणि अळूचं १४५. फतफतं किती होईल ते कच्च्या ढिगावरून ठरवलं तर दरवेळी कमी पडतं.

पाककृतीत "उकडून पिळलेली एक वाटी भारंगी" असं असेल तर तिथे कच्च्याचं वजन उपयोगाचं नाही. उकडा, पाणी घट्ट पिळा, मग वाटी भरा आणि तिचं वजन वहीत वेगळं लिहा. पिळणारा हात बदलला की वजन बदलतं, म्हणून एकाच माणसाने पिळावं. माझ्याकडे हे काम माझ्या जाऊबाई करतात, त्यांचा पीळ माझ्यापेक्षा कडक आहे, आणि वहीतले आकडे त्यांच्या हाताचे आहेत.

मिठाचं आपल्या आज्यांनी बरोबर सांगितलं आहे: पालेभाजीला मीठ ती बसल्यावर घालायचं. कच्चा ढीग बघून मीठ टाकलं की भाजी खारट होते, कारण डोळा ढीग बघतो आणि मीठ वजनाला लागतं. वजन हातात असेल तर आधीही ठरवता येतं. निवडलेल्या पाव किलो माठाला अर्धा छोटा चमचा, म्हणजे साधारण तीन ग्रॅम मीठ पुष्कळ होतं. त्याहून थोडं कमी घालून ओलं खोबरं घातल्यावर चव बघा.

वही कशी ठेवायची

एका पानावर एकच भाजी. वर भाजीचं नाव आणि महिना. खाली आणलेलं, निवडलेलं, सुकलेलं वजन. मग वाटीचं माप, चिरायची पद्धत, सैल की दाबून, पाच वाट्यांचे आकडे, सरासरी, आणि कपाला किती. कुणी मोजलं तेही लिहा.

महिना लिहायचं कारण आहे. जुलैतला माठ लुसलुशीत, पाण्याने भरलेला असतो. एप्रिलमधला बारीक, जाडसर पानांचा. माझ्या वहीत माठाची दोन पानं आहेत आणि मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पाच वाट्या पुन्हा मोजते, ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी वीस मिनिटं जातात. त्यानंतर पुढच्या मोजणीपर्यंत त्या भाजीला वाटी हातात घ्यावी लागत नाही, थेट काट्यावर टोप ठेवायचा आणि आकडा येईपर्यंत पाला घालायचा.